खुर्चीशेजारची घंटा

तिला सगळे तोफ म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. पाठीमागे बोललेलं तिच्या कानावर जायचंच, मग ती दारात येऊन जो तोंडाचा पट्टा सोडायची त्यापेक्षा तोंडावर बोललेलं परवडायचं. राग कायम नाकावर. बस डेपोत मेकॅनिक असलेला नवरा तितकाच गप्प. तो म्हणायचा, आमच्या घरात बोलायचं खातं तिच्याकडे आणि ऐकायचं माझ्याकडे, म्हणून तर संसार टिकला. हे ऐकून ती त्याच्यावरही चिडायची आणि मग चहा टाकायची.

पण हिचा राग उगाच नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर लोक म्हणतात, काय बाई कजाग होती. कजाग होतीच. पण कशामुळे, ते कुणी विचारत नाही.

ऐन उमेदीची वर्षं तिने धुलाई कारखान्यात काढली. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या. वाफेने भिंती कायम ओल्या, फरशी निसरडी, आणि मधोमध इस्त्रीचं अवाढव्य मशीन. दोन लांबलचक तापलेले रोळ एकावर एक फिरायचे. एकीने पुढून ओली चादर आत सारायची, दुसरीने पलीकडून कडक झालेली ओढून घ्यायची, आणि मग दोघींनी मिळून घडी घालायची. तोफ मागच्या बाजूला असायची. पुढच्या बाजूला बारकी.

बारकी म्हणजे खरंच बारकी. चादरीची टोकं तोफेच्या हातात द्यायला तिला चवड्यांवर उभं राहावं लागायचं. तोफ मुद्दाम हात वर धरायची. बारकी म्हणायची, थांब, तुझ्या तिरडीची चादर मीच घडी घालणार आहे, चुरगळलेलीच घालते बघ. दिवसभर असं चालायचं. एकीने दुसरीच्या सासूची नक्कल करायची, दुसरीने पहिलीच्या नवऱ्याची. दोघींची पावलं इतकी बसली होती की भांडण झालेल्या दिवशीही घडी वाकडी जायची नाही.

मशीनच्या तोंडाशी एक लाकडी पट्टी होती. कुणाचा हात चुकून पुढे गेला की पट्टी दाबली जायची आणि रोळ जागच्या जागी थांबायचे. आता जाड चादर आली की तिचाही धक्का पट्टीला लागायचा, मशीन थांबायचं, आणि मुकादमाच्या कपाळावर आठ्या पडायच्या. मग एक दिवस त्याने तार आणली, पट्टी वर उचलली आणि तारेने पिळून बांधून टाकली. त्यानंतर मशीन कशानेच थांबेना. काम झपाझप होऊ लागलं. बायकांनी कुरकुर केली, तेव्हा मुकादम म्हणाला की डोळे उघडे ठेवून काम करा म्हणजे झालं.

पुढे काय झालं असेल ते कुणालाही कळेल. बारकीचा हात चादरीबरोबर आत गेला. रोळ फिरतच राहिले. बटण भिंतीपाशी होतं, तिथवर तोफ धावत पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. आठवडाभर दवाखान्यात काढून बारकी गेली. तिला चादर पांघरली ती त्याच कारखान्यात धुतलेली होती.

चौकशी झाली. मुकादम म्हणाला, बाईला डुलकी लागली. मालकही म्हणाला, डुलकी लागली. तार तर त्याच संध्याकाळी गायब झाली होती. तोफेने चौकशीला आलेल्या साहेबांना तारेचं सांगितलं, हातवारे करून सांगितलं, ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली, चहा घेतला आणि गेले. महिन्याभरात तोफेला कामावरून काढलं, कारण काय तर तोंड फार चालतं. बाकीच्या बायका मूग गिळून बसल्या. पोटं होती त्यांना, त्यांना तरी काय बोलायचं. पण तोफ बोलली. त्या गप्प बसलेल्यांपैकी कुणाशीच ती जन्मात पुन्हा शब्द बोलली नाही.

आणि सगळ्यात वाईट काय, तर बारकीच्या मुलीला डुलकी हे नाव पडलं. आधी शाळेत, मग गल्लीत. पोरगी वर्गात जरा खिडकीबाहेर बघत बसली की मास्तरसुद्धा हसून म्हणायचे, काय, आईवर गेलीस वाटतं. तिच्या बापाने दुसरं लग्न केलं आणि पोरगी येऊन जाऊन तोफेच्याच घरी वाढली. तोफ तिच्यासाठी किती जणांशी भांडली त्याला गणती नाही. एका दुकानदाराच्या तर कानाखाली वाजवली. पण एक माणूस सगळ्या गावाचं तोंड कसं बंद करणार? पोरगी मोठी होत गेली तशी गप्प होत गेली. कधीतरी विचारायची, मावशी, खरंच आईला झोप लागली होती का? तोफ सांगायची, नाही. पोरगी मान हलवायची. पण प्रेमाच्या माणसाने खोटंच सांगायचं असतं, हे तिला ठाऊक होतं ना. तोफेला ते तिच्या डोळ्यांत दिसायचं आणि तळपायाची आग मस्तकात जायची.

तोवर तोफेने घराखाली इस्त्रीचं दुकान टाकलं होतं. आणि त्याच सुमारास, कारखान्यामागच्या रिकाम्या गोदामात नाटकवाले आले.

नाटकवाले म्हणायचं, पण नाटक म्हणावं असं काही दिसेना. ना पडदा, ना रंगवलेली झाडं. पाच-सहा धडधाकट माणसं अनवाणी, फरशीवर लोळतायत, एकमेकांच्या पाठीवर चढतायत. एक जण बादल्या, नळाचे पाइप आणि पत्रे टांगून ते बडवतोय, आणि त्याला म्हणे संगीत म्हणायचं. गल्लीने महिनाभर नाक मुरडलं. तोफ म्हणाली, यांच्या आयांना ठाऊक आहे का हे इथे काय करतात ते.

पण माणसं चिवट निघाली. रविवारी पोरांना नाच शिकवायला लागली, दुपारी म्हाताऱ्यांना बसल्या बसल्या हातपाय हलवायला. गोदामातल्या नळाला पाणी होतं, ते त्यांनी सगळ्या गल्लीला खुलं केलं. बारकीची मुलगी एका रविवारी दारातून डोकावली आणि पुढच्या रविवारी आत गेली. घरी आली ती घामाने चिंब आणि चक्क बडबडत. तोफेने त्या दिवसापासून नाटकवाल्यांना शिव्या देणं निम्म्यावर आणलं. त्यांचे कपडे दुकानात आले की कडक इस्त्री करून द्यायला लागली.

मग दिग्दर्शक बाई दुकानात आल्या. ठेंगण्या, केस अगदी बारीक कापलेले, आणि ऐकायला लागल्या की मध्ये बोलायच्या नाहीत. तोफेला असं माणूस नवऱ्यानंतर पहिल्यांदाच भेटत होतं. बाई म्हणाल्या, आम्ही या गल्लीतल्या कामावर नाटक करतोय, तुमची गोष्ट द्याल का? तोफेने इस्त्री बाजूला ठेवली. इतकी वर्षं ती हेच मागत होती. सगळ्या गावासमोर, मुकादमासमोर, एकदा धडधडीत खरं सांगायचं. पोरीच्या कपाळावरचं ते नाव पुसायचं. बास, दुसरं काही नको होतं.

पण या लोकांची रीत वेगळी होती. गोष्ट तोंडाने सांगायची नाही. अंगाने करून दाखवायची, आणि समोर त्यांच्यातली एक जण उभी राहून आरशासारखी तसंच्या तसं करणार. बाईंचं म्हणणं, शब्दात माणूस लबाडी करतो, अंगाला ती जमत नाही. तोफेला हे पटलं नाही. तोफेचा दारूगोळाच काढून घेतला म्हणायचं. पण ती गेली. समोर एक उंच, सडपातळ मुलगी उभी राहिली. तोफेने घडी घातली, तिनेही घातली. तोफेने बारकीसारखं चवड्यांवर उभं राहून दाखवलं, तार पिळून दाखवली, चादर आत सारून दाखवली. उंच मुलगी पाठोपाठ करत गेली. आणि हात आत गेला ती जागा आली तेव्हा तोफेला ते पुन्हा बघवेना. त्या दिवशी तिने सगळं उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्यांदा नाही झालं. तिने डोळे गच्च मिटून घेतले. समोर उंच मुलीनेही मिटले. उघडले तेव्हा दोघींचे ओले होते.

दुसरी रीत अशी की गोष्ट देणाऱ्याने तालमीला यायचं नाही. त्याच्या नजरेखाली नट नक्कल करायला लागतात म्हणे. त्याने थेट पहिल्या प्रयोगाला यायचं. पहिल्या रांगेच्या मधोमध त्याची खुर्ची, खुर्चीशेजारी स्टुलावर पितळी घंटा. काही चुकलं असं वाटलं तर घंटा वाजवायची, खेळ थांबणार, आणि तो म्हणेपर्यंत पुन्हा सुरू होणार नाही. तोफेने विचारलं, आजवर कुणी वाजवली? कुणीच नाही, असं बाई जरा कौतुकानेच म्हणाल्या. तोफेला तेव्हाच दिसलं होतं, घंटेला साधा डाग नाही, हात लागलेल्या वस्तूला असतो तसा.

प्रयोगाच्या संध्याकाळी अख्खी गल्ली गोदामात. तोफ ठेवणीतली साडी नेसून खुर्चीत, शेजारच्या बाकावर बारकीची मुलगी, तिचा हात तोफेच्या हातात. तिला तोफेने सांगून ठेवलं होतं की आज सगळे बघतील. तिसऱ्या रांगेत मुकादम. आता निवृत्त, हातात काठी, पण शर्ट कडक इस्त्रीचा. तो आलेला बघून तोफेला आनंदच झाला. ये बाबा, म्हणाली मनात, ये आणि बघ.

सुरुवात इतकी छान झाली की ती खुर्चीत पुढे सरकून बसली. खरंच. पत्र्यांचा आणि बादल्यांचा असा ठेका लागला की मशीनच समोर सुरू झाल्यासारखं वाटावं. पांढऱ्या चादरी उडाल्या, जुळल्या, घड्या झाल्या. उंच मुलगी गुडघ्यात वाकून बारकी झाली आणि चवड्यांवर उचलली गेली, तेव्हा लोक हसले आणि तोफही हसली. पोरगी तर डोळ्याची पापणी न लववता बघत होती.

मग तार आली. म्हणजे यायला हवी होती. त्याऐवजी सगळ्यांनी मिळून हात वर नेले आणि बोटं अशी काही नाजूक फिरवली की कुणाला वाटावं वेणी घालतायत, कुणाला वाटावं पाखरं उडवतायत. तोफेने कपाळाला आठी घातली. हे काय? तिने तर करकचून पिळून दाखवली होती. मागून कुणीतरी म्हणालं, वा, काय हात आहेत.

आणि मग उंच मुलगी चादर सारता सारता संथ झाली. डोलायला लागली. तिचे डोळे हळूहळू मिटले, मान कलली, हात चादरीबरोबर वाहत पुढे गेला. ठेका थांबला. फार सुंदर दिसत होतं ते. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने सुस्कारा टाकला आणि म्हणाली, बिचारी, डोळा लागला गं तिचा.

पोरीने तोफेच्या हातातून हात काढून घेतला.

तोफेने मागे वळून पाहिलं. मुकादम चष्मा पुसत होता आणि मान डोलावत होता, अगदी दुःखाने, चांगल्या माणसासारखा. तेव्हा तोफेचं डोकं फिरलं. तिने घंटा उचलली आणि वाजवली.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, संताप बघा. या नाटकवाल्यांची आणखी एक सवय होती. प्रेक्षकांतून जे येईल ते खेळात घ्यायचं, पोर रडलं तर रडणं, कुत्रं भुंकलं तर भुंकणं. घंटा वाजली तशी तालवाल्याने लगेच पत्र्यावर तसाच सूर काढला. लोकांना वाटलं, ठरलेलंच आहे. टाळ्या पडल्या. तोफेने पुन्हा वाजवली, जोरात. सगळ्या नटांनी हात उंच करून घंटा वाजवल्यासारखं डोलायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं जी घंटा कुणी वाजवली नाही, ती वाजल्यावर काय करायचं हेच त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. ते तिचा नाच करत होते.

तोफ उठली, सरळ त्यांच्यात गेली आणि उंच मुलीच्या हातातली चादर हिसकावून घेतली.

"बंद करा," ती म्हणाली.

तिचा तो आवाज धुलाई कारखान्यात मशीनच्या वर ऐकू जायचा. सगळं बंद झालं. दिग्दर्शक बाई लगबगीने आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, शेवट तेवढा होऊ द्या, मग आपण शांतपणे बसून बोलू, बाहेरून पाहुणे आलेत. तोफ म्हणाली की शांतपणे बोलून तिने आयुष्यात काही मिळवलेलं नाही, आणि घंटा शोभेला ठेवायची असेल तर तसं आधी सांगायचं होतं. मग तिने जे सुनावलं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात असं, की मुकादमाने जे खोटं नुसतं तोंडाने सांगितलं ते तुम्ही नाचून, वाजवून, टाळ्या घेऊन सांगितलंत. त्याचं कुणी विसरलं तरी असतं. हे कोण विसरणार?

बाईंचा चेहरा पडला. उंच मुलगी मात्र पुढे आली.

"मावशी, तुम्हीच मिटले होते ना डोळे? मी तुमचंच बघून केलं."

तोफ काही बोलायला गेली आणि थांबली. अख्ख्या गल्लीने ते पाहिलं, तोफेला शब्द न सापडणं. नवरा मागच्या रांगेतून उभा राहिला. तिच्या रागाला क्षणभर जागाच उरली नाही. उंच मुलगी खोटं बोलत नव्हती. मिटले होते. मग राग आला तो दुप्पट आला, आणि तो मुलीवर नव्हता, बाईंवरही नव्हता. मला बोलू दिलं असतं तर एका शब्दात झालं असतं, हा राग. आणि आरशात बघताना आपण डोळे मिटले, हाही.

"ते माझे डोळे," ती म्हणाली. "मला बघवेना म्हणून मिटले. तिचे उघडे होते. शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होती ती."

मग तिने पदर खोचला. उंच मुलीला म्हणाली, चल, परत कर, मागे मी उभी राहते. तालवाल्याला ठेका धरायला लावला. मघाच्या त्या नाजूक बोटांऐवजी तिने सगळ्यांसमोर हवेतच पट्टी उचलून तार पिळली, दात ओठ खात, एक एक वेढा, आणि मोठ्याने म्हणाली की ही तार, ही मुकादमाने बांधली, पट्टी वर राहावी आणि मशीन थांबू नये म्हणून. बाई बाजूला झाल्या. हे त्यांच्या रीतीत बसत नव्हतं, पण त्यांनी अडवलं नाही, तेवढं श्रेय त्यांच्या पदरात घातलं पाहिजे.

चादर सरकू लागली. उंच मुलगी सारत होती, तोफ ओढत होती. हात आत गेला. मुलीने डोळे सताड उघडे ठेवले आणि तोफेकडे पाहिलं. या वेळी तोफेनेही मिटले नाहीत. तालवाल्याने मघासारखाच ठेका तोडला.

"थांबू नकोस," तोफ त्याच्याकडे न बघता म्हणाली. "ते थांबलं नव्हतं."

त्याने पुन्हा बडवायला सुरुवात केली. तोच ठेका, तसाच, ना जोरात ना हळू. मुलगी हात पुढे करून उभी, डोळे उघडे, आणि ठेका चालूच. लोकांना बसवेना. मघाची म्हातारी तोंडाला पदर लावून रडायला लागली. कुणीतरी म्हणालं, अरे थांबवा रे. कुणी थांबवेना. तोफेच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिने चादर सोडली नव्हती.

मुकादम काठी टेकत उठला. बाहेर जायला बघत होता. त्या रांगेत दाटीवाटीने लोक बसले होते, आणि एरवी कुणी उठलं की पाय आत घेणारी ती माणसं, त्यातल्या एकानेही पाय आत घेतले नाहीत. तो तसाच मध्ये उभा राहिला.

तेवढ्यात घंटा वाजली. एकदाच. ठेका जागच्या जागी थांबला.

बारकीची मुलगी खुर्चीपाशी उभी होती, घंटा दोन्ही हातांत धरून. ती रडत नव्हती. तिच्या तोंडावर तोफेसारखा राग होता, आयुष्यात पहिल्यांदा. ती रांगेकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"माझी आई जागी होती, काका. बसा खाली."

मुकादम खाली बसला.